इंग्रजीत ओळख करून देताना आधी नाव नीट ऐकू येऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेचे आणि बीएस्सी नर्सिंगचे निकाल लागले, की नागपुरात धंतोली, रामदासपेठ, वर्धा रोड या भागांतल्या रुग्णालयांत मुलाखती सुरू होतात. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरकडच्या मुली पहाटेच्या एसटीने गणेशपेठच्या स्टँडवर उतरतात. हातात प्रमाणपत्रांची फाईल असते आणि तोंडात पाठ केलेला एक परिच्छेद. "गुड मॉर्निंग सर, मायसेल्फ अमुक तमुक, आय बिलाँग टू अ मिडल क्लास फॅमिली, माय फादर इज अ फार्मर, माय मदर इज अ हाऊसवाइफ, माय हॉबीज आर कुकिंग अँड लिसनिंग म्युझिक, माय स्ट्रेंथ इज हार्ड वर्क, दॅट्स ऑल अबाउट मी, थँक यू सर." मध्ये कुठे श्वास नाही, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघणं नाही. मुलाखत घेणाऱ्या बाई असल्या तरी शेवटचं "सर" तसंच राहतं, कारण कागदावर तसं लिहिलेलं होतं.

मी सरकारी सेवेतून परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका, म्हणून निवृत्त झाले. हनुमाननगर भागातल्या एका छोट्या वाचनालयात संध्याकाळी नर्सिंगच्या मुलींकडून इंग्रजी बोलण्याचा सराव करून घेते. व्याकरणाची शिक्षिका मी नाही. वॉर्डात जे बोलावं लागतं तेवढं माझ्याकडे आहे. हे पत्र नर्सिंग महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी, रुग्णालयं चालवणाऱ्यांनी आणि या मुलींच्या आईवडिलांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. नव्या माणसाला इंग्रजीत ओळख करून द्यायला आपण मुलींना शिकवतो ते उलट्या टोकाकडून. स्वतःबद्दल किती सांगता येईल, यावर सगळा भर असतो. समोरच्याला आत्ता काय कळायला हवं आहे, हा विचार त्यात नसतोच.

वडील शेतकरी आहेत हे सांगण्यात काडीचाही कमीपणा नाही. कुणी घरची चौकशी केली तर मान वर करून सांगावं. पण पहिल्या अर्ध्या मिनिटात समोरच्याला हवं असतं ते नाव, आणि नेमकं तेच सगळ्यात घाईने उरकलेलं असतं. "मायसेल्फ"वरून या मुलींना हसणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचा मला राग येतो. ती चूक दोन मिनिटांत सुधारते. "आय ॲम" म्हणा किंवा "माय नेम इज" म्हणा, विषय संपला. नाव गिळून टाकायची सवय मात्र दोन मिनिटांत जात नाही, तिच्यावर महिनोन्‌महिने काम करावं लागतं, आणि तिच्याकडे कुणी लक्षच देत नाही.

नुसत्या शिष्टाचाराचा प्रश्न असता तर मी एवढं लांब पत्र लिहिलं नसतं. रुग्णालयात ओळख करून देणं हा सुरक्षेचा भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासयादी तयार केली. १९ मुद्दे, तीन टप्पे: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंटला ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, बाहेर नेण्याआधी. दुसऱ्या टप्प्यातला पहिलाच मुद्दा असा, की तिथे हजर असलेल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि आपलं काम सांगितलं आहे ना, याची खात्री करून घ्या. सर्जननेसुद्धा. ही यादी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली गेली आणि तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं होतं आणि मृत्यूंचं १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर.

हे सगळं श्रेय नाव सांगण्याला देता येणार नाही. वेळेवर दिलेल्या अँटिबायोटिकपासून स्पंजच्या, म्हणजे रक्त टिपायला वापरलेल्या कापडी घड्यांच्या, मोजणीपर्यंत त्या यादीत बरंच काही आहे. पण नाव सांगायला लावण्यामागचं कारण ओटीत उभं राहिलेल्या कुणालाही पटेल. सुरुवातीला ज्याने एकदा तोंड उघडलेलं असतं, तो पुढे काही चुकताना दिसलं तर बोलतो. भिंतीला टेकून उभी असलेली नवी मुलगी, जिचं नाव टेबलाजवळच्या एकालाही माहीत नाही, ती स्पंज एक कमी भरतोय हे सांगायला कचरते. आणि आपल्या ओटीत भूलतज्ज्ञ तेलुगू भाषक, सर्जन मराठी, सोबतची सिस्टर केरळची, अशी माणसं एकत्र आली की ही ओळख इंग्रजीतच होते. "आय ॲम अमुक, आय ॲम द स्क्रब नर्स", म्हणजे सर्जनच्या हातात अवजारं देणारी परिचारिका. एवढं एक वाक्य स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता आलं पाहिजे. छंद तिथे कुणी विचारत नाही.

फोनवरही तेच. रात्री दोनला डॉक्टरांना उठवायचं असतं आणि मुलगी घाबरून सांगते, "सर, पेशंट सीरियस आहे, लवकर या." कोण बोलतंय, कुठल्या वॉर्डातून, कोणता पेशंट, काही पत्ता नाही. झोपेतून उठलेला माणूस आधी हेच विचारणार, आणि त्यात वेळ जाणार. यासाठी बऱ्याच देशांत आयएसबार नावाची पद्धत शिकवतात: आधी आपली ओळख, मग आत्ता काय झालंय, मग मागचा इतिहास, मग आपला अंदाज, आणि शेवटी आपल्याला डॉक्टरांकडून काय हवंय. पहिलं वाक्य असं: "हॅलो डॉक्टर, धिस इज अमुक, स्टाफ नर्स, फीमेल मेडिसिन वॉर्ड." फोनवर इंग्रजीत "आय ॲम" न म्हणता "धिस इज" म्हणतात, हे मुलींना एकदा कानावर पडलं की त्या विसरत नाहीत. हेच वाक्य आम्ही दिवे घालवून, डोळे मिटून म्हणायचा सराव करतो, कारण रात्रपाळीत ते अर्ध्या झोपेतून यायला हवं.

केट ग्रेंजर या इंग्लंडमधल्या डॉक्टर होत्या, वृद्धांच्या आजारांच्या तज्ज्ञ. ऐन तारुण्यात त्यांना कर्करोग झाला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये त्या रुग्ण म्हणून दाखल असताना त्यांच्या लक्षात आलं, की खाटेशी येणारे कितीतरी जण आपलं नावच सांगत नाहीत. येतात, तपासतात, टोचतात, जातात. आपण स्वतः डॉक्टर असून आपल्याला हे एवढं लागतंय, तर बाकीच्यांचं काय होत असेल, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी आपल्या पतीच्या साथीने एक मोहीम सुरू केली, "हॅलो, माय नेम इज" एवढ्याच शब्दांची. हे शब्द छापलेले बॅज तिथल्या हजारो परिचारिकांच्या आणि डॉक्टरांच्या छातीवर दिसू लागले. २०१६ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, त्या गेल्या. मी मुलींना त्यांची गोष्ट नेहमी सांगते. आजारी माणसाच्या अंगाला हात लावायच्या आधी त्याला आपलं नाव सांगायचं, हे एका मरणाच्या दारातल्या बाईला जगाला सांगावं लागलं.

आपल्याकडे पेशंट स्वतःच विचारून घेतो, हे खरं आहे. नागपूरच्या वॉर्डात म्हातारी बाई पाठीला उशी लावून घेता घेता विचारते, "काय जी बाई, नाव काय म्हन्लं तुमचं? कुठच्या होय तुम्ही?" आणि दोन मिनिटांत तिच्या माहेरचं कुणीतरी निघतं. पण सगळ्यांनाच असं विचारता येत नाही. वायुसेनानगरातून आलेलं आसामी कुटुंब, रेल्वेत बदली होऊन आलेला तमिळ माणूस, परिषदेला आलेला आणि चक्कर येऊन पडलेला परदेशी पाहुणा, यांना मराठी येत नाही, कित्येकदा हिंदीही नाही, आणि सिस्टरचं नाव विचारायचा त्यांना संकोच वाटतो. तिथे पहिलं वाक्य आपल्या मुलीचंच असायला हवं.

आमच्या वाचनालयात मी प्लास्टिकच्या तीन खुर्च्या एका रांगेत जोडते. ती खाट. एक मुलगी त्यावर आडवी होते, ती पेशंट. दुसरीने दारातून आत यायचं. पहिल्या खेपेला जवळपास प्रत्येक मुलगी पायथ्याशी उभी राहते आणि हातातल्या कागदाकडे बघून बोलते. मी तिला उशाच्या बाजूला बोलावते, पेशंटला मान न वळवता चेहरा दिसेल अशा जागी. ओढणीआड किंवा ॲप्रनच्या घडीत गेलेला बॅज बाहेर काढायला सांगते. मग "गुड मॉर्निंग." इथे थांबायचं. पेशंटने आपल्याकडे बघेपर्यंत थांबायचं. मग "माय नेम इज" आणि नाव, नावाच्या आधी बारीकसा विराम आणि नंतरही, म्हणजे ते सुटं ऐकू येतं. मग "आय ॲम अ स्टुडंट नर्स." मग काय करायला आलो ते: "आय वुड लाइक टू चेक युअर ब्लड प्रेशर. इज दॅट ऑल राइट?"

आणि उत्तराची वाट बघायची. हे सगळ्यात अवघड जातं. प्रश्न तोंडातून संपायच्या आत मुलींचे हात कफ, म्हणजे रक्तदाब मोजायचा पट्टा, गुंडाळायला लागतात. मी त्यांना हात मागे बांधायला लावते. खाटेवरची मुलगी मुद्दाम गप्प राहते. पाच-सहा सेकंदांची ती शांतता मुलींना सोसवत नाही, त्या हसतात, माझ्याकडे बघतात. पण हळूहळू जमतं. ज्या दिवशी एखादी मुलगी हात मागे न बांधता, न हसता, पेशंटच्या चेहऱ्याकडे बघत थांबते आणि पेशंट "येस, प्लीज" म्हणाल्यावरच कफ उचलते, त्या दिवशी मला खात्री वाटते की ही पोरगी कुठेही गेली तरी हिचं अडणार नाही.

बाकी शिष्टाचाराच्या बारीकसारीक गोष्टी आहेत, त्या थोडक्यात सांगते. रात्री आठला पाळीवर येताना पुष्कळ मुली "गुड नाइट" म्हणत आत येतात. इंग्रजीत "गुड नाइट" निरोपाचं आहे. येताना "गुड इव्हनिंग"च, मग घड्याळात कितीही वाजले असोत. "नाइस टू मीट यू" पहिल्या भेटीला. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला "नाइस टू सी यू अगेन". जुन्या पुस्तकांत "हाऊ डू यू डू" असतं, त्याचं उत्तरही "हाऊ डू यू डू"च असतं, पण आता ते फारसं कुणी म्हणत नाही, त्यावर वेळ घालवू नये. "हाऊ आर यू" रस्त्यात विचारलं तर "फाइन, थँक यू, अँड यू?" एवढ्यावर भागतं. पण परिचारिकेने खाटेशी उभं राहून विचारलं तर तो खरा प्रश्न असतो. तिने "हाऊ आर यू फीलिंग धिस मॉर्निंग?" म्हणावं आणि ऐकण्यासाठी कान द्यावा. हात मिळवायचा की नाही याची मुलींना फार काळजी असते. नमस्कार करावा. तो सगळ्यांना कळतो आणि वॉर्डात स्वच्छतेच्या दृष्टीनेही चांगला.

"सिस्टर" या शब्दाबद्दल मात्र सावध करते. आपल्याकडे प्रत्येक परिचारिका सिस्टर. ब्रिटनमधल्या रुग्णालयात सिस्टर म्हणजे वॉर्डाची प्रमुख, आपल्याकडची परिसेविका. तिथे नव्याने गेलेल्या मुलीने "आय ॲम सिस्टर अमुक" अशी ओळख करून दिली तर ती नसलेला हुद्दा सांगते आहे असा समज होईल. "आय ॲम अ नर्स ऑन धिस वॉर्ड" म्हणावं.

पेशंटला काय म्हणावं, यावर वर्गात दर वेळी वाद होतो. आपण काका, काकू, आजी, भाऊ म्हणतो आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. मराठी माणसाशी बोलताना ते सोडू नका असं मी बजावून सांगते. पण तेच "अंकल" होऊन इंग्रजीत आलं की परक्या माणसाला अवघडल्यासारखं होतं. त्याला आधी मिस्टर किंवा मिसेस आणि पुढे आडनाव अशी हाक मारावी, आणि लगेच विचारावं, "व्हॉट वुड यू लाइक मी टू कॉल यू?" तो सांगेल ते नाव फाईलवर लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या पाळीतल्या सिस्टरला पुन्हा विचारावं लागत नाही. नाव नीट कळलं नाही तर अंदाजाने काहीतरी पुटपुटू नये. "सॉरी, आय डिडन्ट कॅच युअर नेम. कुड यू से इट अगेन, प्लीज?" हे वाक्य उद्धट नाही. उलट, माझं नाव बरोबर घेण्यासाठी ही दुसऱ्यांदा विचारते आहे, हे बघून माणूस सुखावतो. आणि आपलं नाव कुणी चुकीचं घेतलं तर हसून, सावकाश, तुकडे पाडून सांगावं. केरळच्या सहकाऱ्यांना आपली "ज्ञ"ची आणि मणिपूरच्या सहकाऱ्यांना "ळ"ची नावं सहज जमत नाहीत. दोनदा सांगितलं की जमतात. नाव तोडून त्याचं काहीतरी इंग्रजी टोपणनाव करून घ्यायची गरज नाही.

इंग्रजी "यू" सगळ्यांना एकच, म्हणून मुलींना वाटतं की मान द्यायचा तर "सर" आणि "मॅडम" पेरत राहायचं. जेवढी भीती जास्त तेवढे "सर" जास्त. मी त्यांना सांगते, एका भेटीत एकदा पुरे. इंग्रजीत मान दिसतो तो विचारण्यात: "मे आय", "कुड यू", "इज इट ऑल राइट इफ". आणि आवाजात दिसतो. आवाज पडलेला असला की बोलणं नम्र होतं, असा आपल्या मुलींचा समज करून दिलेला आहे. पडलेला आवाज नम्र नसतो, तो फक्त ऐकू येत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायचं मी बरेच दिवस मनात घोळवत होते, ती सांगते. आपल्याकडे नाव सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, "आडनाव?" आणि आडनावावरून काही उलगडा झाला नाही तर "गाव कोणतं? कोणाकडच्या?" कित्येक जण आपुलकीनेच विचारतात, कुणीतरी ओळखीचं निघेल म्हणून. पण कित्येकदा नेमकं काय शोधलं जातंय, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि जिला विचारलं तिलाही. याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. दीक्षाभूमी आमच्या वाचनालयापासून लांब नाही. आणि तरीही माझ्या वर्गात पहिल्या दिवशी पहिलं नाव सांगून थांबणाऱ्या, पुढचं कुणी विचारू नये म्हणून वहीत डोकं घालणाऱ्या मुली येतात. खाटेवरच्या पेशंटच्या नातेवाइकाने आडनाव विचारून मग "दुसऱ्या सिस्टरला पाठवा" म्हटलेलं ज्या मुलीने ऐकलं आहे, तिला मी आत्मविश्वासावर भाषण देऊ शकत नाही.

पण तिला मी एक गोष्ट देऊ शकते. वॉर्डातल्या इंग्रजीत पहिलं नाव आणि काम एवढी ओळख पूर्ण आणि सभ्य मानली जाते. "आय ॲम अमुक. आय ॲम युअर नर्स टुनाइट." यात काही लपवलं असं कुणी म्हणू शकत नाही, कारण पेशंटला जे कळायला हवं ते सगळं त्यात आलं. मुलाखतीत, परीक्षेत, पासपोर्टवर पूर्ण नाव लागतं. तिथे पूर्ण नाव ठणकावून सांगावं, तिथे मी एक अक्षरही गिळू देत नाही. आणि जी सवलत आपल्याला हवी ती दुसऱ्याला द्यावी, म्हणून आमच्या वर्गात नव्या मुलीला आडनाव विचारत नाहीत. लग्न झालं का, मुलंबाळं किती, पगार किती, हेही पहिल्या भेटीत विचारत नाहीत. इंग्रजी बोलणाऱ्या परक्या माणसाला हे प्रश्न टोचतात. आपल्यालाही टोचतात, फक्त आपण तसं म्हणत नाही.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुलींसाठी दोन शब्द. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणीसाठी आयेल्ट्स किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षांपैकी एक चालते. आयेल्ट्सची तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि पहिली चार-पाच मिनिटं ओळख, घर, शिक्षण, काम यांवर बोलण्याची असतात. पाठ केलेला परिच्छेद तिथे परीक्षकाच्या लगेच लक्षात येतो. तुमचा उच्चार नागपुरी आहे म्हणून गुण कापत नाहीत. बोललेलं समजतं का, हे बघतात. ओईटी तर खास आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीच आहे. तिच्यात पेशंटशी बोलण्याचे दोन प्रसंग उभे करायचे असतात आणि संभाषणाची सुरुवात कशी केली, अभिवादन केलं का, ओळख करून दिली का, याला निकषांत वेगळी जागा आहे. म्हणजे खुर्च्यांच्या खाटेवर आम्ही जे करतो, त्याचे तिथे थेट गुण मिळतात. हजारो रुपये घेऊन "सेल्फ इंट्रोडक्शन"च्या झेरॉक्स देणाऱ्यांनी हे मुलींना सांगायला हवं.

प्राचार्यांना माझी विनंती आहे, की पहिल्या वर्षापासून आठवड्याचा एक तास फक्त यासाठी ठेवा. फळा नको, वही नको. खाट, खुर्ची, फोन आणि दार. मुलगी दारातून आत येईल, नाव सांगेल, काम सांगेल, परवानगी विचारेल. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत, तिन्हींत. मराठीत ज्या मुलीला अनोळखी माणसाला नाव सांगता येत नाही, तिला ते इंग्रजीत येणार नाही.

रुग्णालयं चालवणाऱ्यांना विनंती अशी, की बॅजवरचं नाव हातभर अंतरावरून वाचता येईल एवढं मोठं छापा, देवनागरीत आणि रोमनमध्येही. बहुतेक बॅजवर रुग्णालयाचं बोधचिन्ह अर्धी जागा खातं आणि माणसाचं नाव खाली मुंगीएवढं असतं. आणि नवी मुलगी रुजू होते त्या दिवशी वॉर्डातल्या वरिष्ठांनी आपलं नाव तिला आधी सांगा. पुष्कळ ठिकाणी ती महिनाभर "ए नवीन सिस्टर" असते. डॉक्टर राउंडला आले की परिसेविकेने पुढे होऊन म्हणावं, "डॉक्टर, धिस इज अमुक, शी हॅज जॉइन्ड अस धिस वीक." लहानाची ओळख मोठ्याला करून द्यायची, ही इंग्रजीतली रीत, आणि ती वरिष्ठानेच पाळायची असते. डॉक्टरांनीही मान हलवून पुढे न जाता आपलं नाव सांगावं. ते दारावरच्या पाटीवर आहे, हे खरं, पण पाटी वाचणं आणि त्यांच्या तोंडून ऐकणं यात त्या मुलीच्या दृष्टीने फार फरक आहे.

शेवटी आपल्या वाचकांकडे एक मागणं आहे. आमच्या वर्गात सगळं आहे, एकच गोष्ट नाही, ती म्हणजे अनोळखी माणसं. दोन-तीन आठवड्यांत मुली एकमेकींना आणि मला इतक्या ओळखू लागतात की ओळख करून देण्याचा सराव खोटा वाटायला लागतो. नागपुरात रेल्वेतून, बँकांतून, वायुसेनेतून, महाविद्यालयांतून निवृत्त झालेली, इंग्रजी बोलणारी कितीतरी माणसं आहेत. त्यांनी महिन्यातून एखाद्या संध्याकाळी तासभर यावं. शिकवायचं काही नाही. खुर्चीवर पेशंट म्हणून बसायचं, मुलगी येईल, नाव सांगेल, आणि ते नाव तुम्हाला नीट ऐकू आलं नाही तर तसं तिला स्पष्ट सांगायचं. मराठी न येणारे असाल तर फारच चांगलं. वाचनालयाचा पत्ता आणि माझा फोन नंबर आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. मुली ओळखू येऊ नयेत म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती. येणाऱ्याला मी ते दारातच सांगेन.

आपली,
एक सेवानिवृत्त परिसेविका
हनुमाननगर, नागपूर